दूधगंगेची दरड राखा

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व सदस्य आणि पीडीओ,
ग्रामपंचायत कोगनोळी, ता. निपाणी, जि. बेळगाव



हे सगळं मला साध्या अर्जातही लिहिता आलं असतं. अर्जावर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो आणि तो फाइलीत जातो. पण जे सांगायचं आहे ते आपल्याबरोबर गावातल्या प्रत्येक घरात वाचलं जावं असं वाटतं, म्हणून उघड लिहितोय.

मी याच भागातला. लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. सराई संपली की आणि सराईतही दोन मुहूर्तांच्या मध्ये सकाळ मोकळी मिळाली की मी कॅमेरा घेऊन नदीकाठ, मळीची रानं आणि माळ फिरतो. बारा वर्षं झाली. पक्ष्यांचे फोटो कुठं काढता, असं कुणी विचारलं की समोरच्याला दांडेली, राधानगरी किंवा घटप्रभा असं काहीतरी उत्तर अपेक्षित असतं. मी कोगनोळी म्हटलं की तो म्हणतो, "तिथं टोलनाका आहे की!"

त्याचंही चूक नाही. कोगनोळीचं नाव पेपरात येतं ते टोलनाक्यामुळे. कोरोनात आलं ते तपासणी नाक्यामुळे. डिसेंबरात बेळगावात अधिवेशन भरलं आणि महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना दूधगंगेच्या पुलाशी अडवलं की पुन्हा येतं. कागलकडून येताना कर्नाटकातलं महामार्गावरचं हे पहिलं गाव. हजारो गाड्या रोज त्या पुलावरून जातात. पुलाखाली काय चाललंय ते बघायला कुणी थांबत नाही, आणि महामार्गावर थांबणं शक्यही नसतं.

पुलाखाली काय चालतं ते आधी सांगतो.

दिवाळी झाली, पाणी निवळलं की पहाटे काठावर जाऊन बसायचं. सूर्य पाठीशी ठेवायचा म्हणजे तोंड नदीच्या वरच्या अंगाला करायचं. धुकं पाण्यापासून हातभर वर उचललं गेलं की पहिला दिसतो तो कवड्या खंड्या. अंगावर काळे-पांढरे पट्टे, कवडीसारखे. तो साध्या खंड्यासारखा तारेवर बसून वाट बघत नाही. पाण्यावर दोन पुरुष उंचीवर एका जागी पंख फडफडवत हवेत उभा राहतो, मान खाली घालून, डोकं जराही न हलवता, आणि मग धोंडा टाकल्यासारखा सरळ खाली येतो. तो क्षण पकडायला मला तीन हिवाळे लागले. वरच्या बाजूला पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले असतात, पुरात वाहून आलेल्या वाळक्या ओंडक्यावर. उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे. चिखलाच्या कडेनं शेपटी वरखाली करत पळणारा धोबी. तो दिसला की थंडी आली म्हणून समजावं.

आता रानात या. ऊसतोड सुरू झाली की फडाच्या कडेला गायबगळ्यांची रांग लागते. कोयता पुढं, बगळा मागं. काळे शराटी जोडीजोडीनं ओल्या सरीत लांब वाकडी चोच खुपसत चालतात आणि उठले की असे ओरडतात की लहान पोरं दचकतात. तंबाखूच्या रानांवरून विजेच्या तारा गेल्यात, त्यांवर हिवाळ्यात नीलपंख बसतो. आपल्याकडे जुनी माणसं त्याला तास म्हणतात, दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. बसलेला असतो तेव्हा मातकट दिसतो, कुणाचं लक्ष जाणार नाही. टोळ दिसला, त्यानं झेप घेतली आणि पंख उघडले की दोन निळे रंग एकदम डोळ्यांत भरतात, एक आकाशाचा आणि एक शाईचा. हा कर्नाटकाचा राज्यपक्षी. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, पिवळ्या पायांचं हिरवट कबूतर. नदीकाठचा वड-उंबर पिकला की त्याचे थवे येतात आणि पानांत असे मिसळून जातात की फळ गळल्याचा आवाज होईपर्यंत झाड रिकामंच वाटतं. एका पहाटे मी दोघांचे फोटो अर्ध्या तासाच्या अंतरानं, चालत गेल्या वाटेवर काढलेत. दोन्ही राज्यांनी मानाचे ठरवलेले पक्षी एकाच गावच्या शिवारात, एकाच कार्डावर. या गावाची ही ओळख मला टोलनाक्यापेक्षा मोठी वाटते.

पाणपक्षी बघायचे तर निपाणीचा जवाहर तलाव आहे, पलीकडे कागलचा जयसिंगराव तलाव आहे. तिथं वारकरी दिसतो. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. हळदीकुंकू बदक दिसतं. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी पक्षी किती जवळून बघितला असेल! माळाला गेलात तर डोंबारी नावाचा चंडोल आहे. हवेत वर चढतो, पंख मिटून खाली कोसळतो, जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर जातो, डोंबाऱ्याचा खेळच. भोज इथं वेदगंगा आणि दूधगंगा मिळतात, तो संगमही एखाद्या सकाळी शांतपणे बघावा असा आहे.

यांतल्या एकाही जागेला पक्ष्यांसाठी म्हणून कुंपण नाही, पाटी नाही, राखणदार नाही. गोकाक तालुक्यात धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, १९७४ सालचं. तिथं हिवाळ्यात मध्य आशियाकडून कांड्या करकोचे येतात आणि वनखातं लक्ष ठेवतं. आपल्या जागा तशा नाहीत. एक कुणाच्या तरी मळीच्या कडेला आहे, एक महामार्गाच्या हद्दीला लागून आहे, एक म्हशी पाजायच्या उताराजवळ आहे. या कामाच्या, रोजच्या वापराच्या जागा आहेत आणि तशाच त्या राहाव्यात. अभयारण्य करा असं मी मागत नाही. माणसाला रानातून हाकलून पक्षी राखायचे, हा विचार मला पटतच नाही. शराटी आणि बगळे तर नांगरामागंच जगतात. मी मागतोय ते फार थोडं आहे, आणि ते ज्या एका गोष्टीमुळे मागावंसं वाटलं ती आता सांगतो.

नदीच्या वळणावर काठ सरळ उभा तुटलेला असतो. आपण त्याला दरड म्हणतो. पुराचं पाणी वळणावर आदळतं, माती कापून नेतं आणि पुरुषभर-दीड पुरुष उंचीची ताजी भिंत मागं ठेवतं. २०१९ चा आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी भोगला. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आलं आणि महामार्ग बंद पडला. त्या पुरांनी पिकं नेली, घरं पाडली. त्याच पुरांनी दूधगंगेच्या एका वळणावर कोरी दरड उभी केली, आणि पुढच्या उन्हाळ्यात वेड्या राघूंनी ती ताब्यात घेतली.

वेडा राघू तुम्ही रोज बघता. चिमणीएवढा, हिरवा, डोक्यावर तांबूस छटा, शेपटीतून दोन काड्या बाहेर निघालेल्या. तारेवरून उडतो, हवेतच माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. मधमाशी मिळाली तर तिला फांदीवर आपटून, घासून नांगी काढतो आणि मगच गिळतो. पण त्याचं घर फार थोड्यांनी बघितलंय. हा पक्षी झाडावर घरटं बांधत नाही. दरडीत बोगदा पाडतो. चोचीनं उकरायचं आणि इवल्याशा दुबळ्या पायांनी माती मागं ढकलायची. मी समोरच्या काठावर उसाच्या आडोशाला बसून एक जोडी सलग पाच सकाळी बघितली. एक आत शिरला की भोकातून मातीची बारीक धार बाहेर पडते, चाळणीतून पीठ पडावं तशी. मग धार थांबते, तो पाठमोरा सरकत बाहेर येतो, पिसं झटकतो आणि दुसरा आत जातो. भोक जेमतेम दोन बोटं जातील एवढं, पण बोगदा हातभराहून लांब. शेवटी थोडी रुंद खोली आणि तिथं, काडी नाही, कापूस नाही, उघड्या मातीवर पांढरीशुभ्र अंडी. ही घरं फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत, म्हणजे नदी चढायच्या आत नांदून मोकळी होतात. पक्ष्याला नदीचं वेळापत्रक पाठ आहे.

त्या दरडीला मी एका मार्चात एकवीस भोकं मोजली. सगळी वापरातली नव्हती, काही अर्धवट सोडलेली होती. खालच्या अंगाला थोडी मोठी दोन भोकं होती, ती खंड्याची. तोही दरडीतच राहतो.

एप्रिलात लग्नांची गर्दी होती, दहा-बारा दिवस जाता आलं नाही. गेलो तेव्हा दरड नव्हती. जेसीबीनं वळणाचा काठ उतरता करून पोयट्याची माती भरून नेली होती. चाकाच्या रुतलेल्या खुणा होत्या, त्यांत पाणी साचलं होतं. वर तारेवर सात-आठ राघू ओळीनं बसले होते. एखादा उडून यायचा, जिथं भोक होतं त्या उंचीवर हवेत क्षणभर थांबायचा आणि परत जायचा. तिथं आता हवाच होती. हे मी बराच वेळ बघत बसलो. फोटो एकही काढला नाही.

शेजारच्या रानातले आबा पाणी पाजत होते. मला त्या आडोशाला बसलेलं त्यांनी बरेचदा बघितलं होतं. म्हणाले, "सकाळी आला आन् दुपारपतुर झालं सगळं. मला काय ठावं, तितं पाखरं हाईत म्हणून. कुणी सांगितलं आस्तं तर म्हटलं आस्तं की, बाबा, वाईच फुडनं उचला."

आबांचं हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. माती कुणी नेली, कुठं गेली, हे मी इथं लिहिणार नाही. माती नेणाऱ्यानं पाखरं बघून खोरं घातलेलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं. आबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. चांगली जागा सापडली की ती आपल्यापुरती ठेवायची, हा फोटो काढणाऱ्यांचा स्वभाव असतो. जागा फुटली तर गर्दी होईल अशी भीती असते. गर्दी झाली नाही. जेसीबी आला.

म्हणून हे पत्र. जागा कुणाला ठाऊकच नसेल तर ती राखणार कोण? आणि गावाच्या वतीनं ठाऊक असण्याचं काम पंचायतीचं आहे.

यासाठी नवीन काही करायला नको. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यातल्या ४१ व्या कलमानं प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि गावातल्या वनस्पती, प्राणी, पक्षी यांची लोकांच्या माहितीवरून नोंदवही ठेवायची आहे. या नोंदवहीत पक्ष्यांची नुसती नावं लिहून भागणार नाही. जागा लिहा. कोणत्या वळणावर दरड आहे, कोणत्या वडावर हरियाल येतात, माळाच्या कोणत्या अंगाला टिटवी उघड्यावर अंडी घालते, सुगरणीची घरटी कोणत्या विहिरीवरच्या बाभळीला लोंबतात, हे लिहा. महिना लिहा. ही माहिती गुराख्यांकडे आहे, पाणी पाजणाऱ्यांकडे आहे, भांगलणीला जाणाऱ्या मावश्यांकडे आहे. माझ्याकडे बारा वर्षांचे फोटो आहेत, प्रत्येकावर तारीख आहे. ते सगळे मी पंचायतीला देतो. पैसे नकोत, नावही नको.

दुसरी गोष्ट दरडीची. माती-मुरमाचा परवाना पंचायत देत नाही, हे मला ठाऊक आहे. वीटभट्टीवर किती घरांची चूल चालते हेही ठाऊक आहे, आणि रस्त्याच्या कामाला भराव लागतोच. माती उचलूच नका असं मी म्हणत नाही. गावच्या हद्दीत नदीच्या दोन-तीन उभ्या दरडी, प्रत्येकी पन्नास पावलांच्या, एवढ्या सोडा. त्यांच्या वरच्या काठाला दगड रोवून चुना मारा. ग्रामसभेत ठराव करा की फेब्रुवारी ते जून तिथं यंत्र उतरणार नाही, आणि त्याची प्रत तहसीलदार कार्यालयाला व वनखात्याला पाठवा. हा ठराव कायद्याच्या बाहेरचा होणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी नासवणंही धरलेलं आहे. पण मला कायद्याचा धाक दाखवायचा नाही. चुन्याचा दगड दिसला की आबांसारखा माणूसच जेसीबीवाल्याला सांगेल, वाईच फुडनं उचला.

आणखी एक मागणं, मनाच्या फार जवळचं. नोंदवहीत पक्ष्यांची नावं कन्नडमध्ये लिहाल तशीच मराठीतही लिहा. चिकोडीकडचा माझा एक मित्र खंड्याला मिंचुळ्ळी म्हणतो. मिंचु म्हणजे वीज. त्यानं हे सांगितल्यापासून खंड्या उडाला की मला वीज दिसते. त्याला मी वारकरी आणि हळदीकुंकू शिकवलं, तेव्हा त्यालाही तेवढाच आनंद झाला. नाव गेलं की ते ठेवणाऱ्यांनी जे बघितलं होतं तेही जातं. कै. मारुती चितमपल्लींनी पक्षिकोशात ही नावं जमवण्यासाठी केवढे कष्ट घेतले. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात; ५ तारीख चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सलीम अलींच्या. आपण हद्दीच्या अलीकडे आहोत म्हणून आपल्या शाळांनी तो पाळू नये असं थोडंच आहे? कन्नड आणि मराठी दोन्ही शाळांतली मुलं त्या आठवड्यात एकत्र पुलाखाली न्या. मी दुर्बीण घेऊन येतो.

माझ्यासारख्या कॅमेरावाल्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण जागा नोंदवल्या की आम्ही येणार. कोल्हापुरातून येतील, बेळगावातून येतील. त्यांना पंचायतीनं काही गोष्टी ठणकावून सांगाव्यात. घरट्यासमोर ठाण मांडायचं नाही आणि फोटोत आड येते म्हणून फांदी, गवत, काडी तोडायची नाही. आई-बाप भेदरले की चारा घेऊन आत जात नाहीत, आणि उघडं पडलेलं घरटं कावळ्याला लगेच दिसतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवून जवळ बोलावायचं नाही. कुणाच्या उभ्या पिकातून चालायचं नाही, रानाच्या मालकाला आधी हाक मारायची. हे न पाळणाऱ्याला गावानं परत पाठवलं तर मी गावाच्या बाजूनं उभा राहीन. दूर बसून, वाट बघून काढलेला फोटोच चांगला येतो, हे बारा वर्षांनंतर छातीवर हात ठेवून सांगतो.

चौपदरीकरणात महामार्गाकडेचे जुने वड गेले, तेव्हा त्यांवर काय राहत होतं याची नोंद आपल्यापैकी कुणी ठेवली नाही. आता तोच रस्ता सहापदरी होतोय. काय राहतं आणि काय जातं ते निदान या वेळी तरी गावाच्या वहीत असू द्या. रस्ता व्हावा, भट्ट्या चालाव्यात, ऊस वेळेत तुटावा. त्यात पन्नास पावलं दरडीला जागा निघते. मी मोजून बघितलंय.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, एवढी विनंती. बोलवाल त्या दिवशी फोटो आणि वळणांचा हातानं काढलेला नकाशा घेऊन येतो. फक्त सभा फेब्रुवारीच्या आत घ्या. त्या महिन्याच्या अखेरीला राघू दरड उकरायला लागतात.

आपला,
दूधगंगाकाठचा एक फोटोग्राफर